देवगिरीच्या लेखणीचे धनी : हेमाद्री पंडित

मेहकरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुलतानपूर लागते आणि तेथून लोणारची वाट फुटते. या पंचक्रोशीत ज्यांचे बालपण गेले, त्या आम्हां सर्वांच्या कानांवर एक नाव अगदी लहानपणीच पडलेले असते, ते हेमाडपंतांचे. लोणारचे दैत्यसूदनाचे मंदिर कोणी बांधले असे विचारावे, तर वडीलधारी मंडळी म्हणत, हेमाडपंतांनी. मेहकरची जुनी धर्मशाळा कोणाची असे विचारावे, तरी उत्तर तेच. चुन्यावाचून दगडावर दगड रचलेली भिंत कोठे दिसली की तिच्यावर हे नाव आपोआप कोरले जाई. परंतु हेमाडपंत कोण, ते कोणत्या राजाच्या पदरी होते, त्यांनी हयातभर कोणते कार्य केले, हे मात्र क्वचितच कोणी सांगे. आमच्या ज्ञातिमंडळाच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र सादर करण्याचे आम्ही योजिले, ते ही उणीव भरून काढावी म्हणून. हेमाद्री आमच्याच ज्ञातीचे होते असे सिद्ध करण्याचा हा खटाटोप नव्हे. थोर पुरुषांना ज्ञातीच्या कोंडवाड्यात घालण्याची चाल आम्हांस मान्य नाही. राज्य तलवारीने मिळते, पण ते चालते लेखणीने आणि टिकते लोकांच्या विश्वासाने, हा धडा त्यांच्या चरित्रात आहे. ज्या मंडळास आपला लहानसा कारभार चोख चालवावयाचा आहे, त्यास हा धडा उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

हेमाद्रींचा काळ म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. यादव घराणे मूळचे कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. बाराव्या शतकाच्या अखेरीस चालुक्यांची सत्ता खिळखिळी झाली, तेव्हा पाचव्या भिल्लमाने स्वातंत्र्य पुकारून देवगिरी ही आपली राजधानी केली. त्याचा नातू सिंघण याने राज्याच्या सीमा चोहोंकडे वाढविल्या. वऱ्हाड, खानदेश, मराठवाडा, कोल्हापूर आणि कर्नाटकाचा मोठा भाग एका छत्राखाली आला. तथापि प्रदेश जिंकणे निराळे आणि त्यावर राज्य करणे निराळे. गावोगावी महत्तर म्हणजे वडील मंडळी निवाडे करीत, पेठांत व्यापाऱ्यांच्या श्रेणी आपले नियम आपणच करीत, अग्रहारांत विद्वानांची सभा कारभार पाही आणि दूरच्या मुलुखात मांडलिक सरदार स्वतःस राजाच समजत. राजाची आज्ञा देवगिरीच्या दरवाजातून बाहेर पडून शेताच्या बांधापर्यंत पोहोचावी कशी, हा त्या काळच्या प्रत्येक राज्यापुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर ज्या थोड्या पुरुषांनी शोधले, त्यांत हेमाद्रींची गणना केली पाहिजे.

त्यांचे गोत्र वत्स. पणजोबा वामन, आजोबा वासुदेव आणि वडील कामदेव, अशी वंशपरंपरा त्यांच्या ग्रंथांतच दिली आहे. सिंघणाचा नातू कृष्णदेव, ज्यास लोक कान्हरदेव म्हणत, त्याच्यामागून १२६० च्या सुमारास त्याचा धाकटा भाऊ महादेव गादीवर आला. या महादेवाच्या आणि त्याच्यामागून आलेल्या रामचंद्राच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या रामदेवरायाच्या, पदरी हेमाद्री मंत्री होते. त्यांचे मुख्य पद करणाधिपाचे. करण म्हणजे राजाचे लेखनकार्यालय. पुढील काळात ज्यास दप्तर म्हणू लागले ते. सनदा, हिशेब, दानपत्रे, आज्ञा हे सर्व या करणातून जावयाचे. सेनापतीने शत्रूला हटवावे आणि करणाधिपाने त्या मुलुखाची नोंद करावी, असा क्रम असे. नोंद झाल्यावाचून जिंकलेली भूमी राजाची झाली असे म्हणता येत नसे.

या नोंदीचे स्वरूप त्या काळच्या ताम्रपटांवरून चांगले ध्यानात येते. प्रथम राजवंशाची स्तुती, नंतर तिथी, वार व शक, नंतर देणारा कोण व घेणारा कोण, त्यानंतर दिलेल्या गावाच्या चारही दिशांच्या सीमा, कोणते कर माफ केले त्यांचा उल्लेख आणि शेवटी दान मोडणाऱ्यास शाप. ठाणे येथे सापडलेला शके ११९४ चा, म्हणजे १२७२ चा ताम्रपट रामचंद्राच्या कारकीर्दीतील आहे. त्यात हेमाद्रींचा मंत्री म्हणून गौरवाने उल्लेख येतो आणि साष्टीकडील प्रांताचा कारभार अच्युत नायकाकडे असल्याचे कळते. उत्तर कोकण महादेवाच्या काळी, शिलाहार राजा सोमेश्वर याचा पराभव झाल्यावर, यादवांकडे आले होते. युद्ध होऊन अवघी काही वर्षे लोटली, तोच त्या मुलुखातील गावांच्या सीमा यादवांच्या पटावर लिहिल्या जाऊ लागल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मात्र राजाचा हात किती दूरवर पोहोचत होता, याचे मोजमाप करणारी आणखी एक वस्तू आहे. कोकणात व देशावर जुन्या दानांच्या जागी सूर्य-चंद्र कोरलेले दगड उभे आढळतात. त्यांवर दान मोडणाऱ्यास गाढवाचा उल्लेख करून अत्यंत हीन शाप दिलेला असतो, म्हणून त्यांस गधेगाळ म्हणतात. सूर्य-चंद्र असेतो दान चालावे, ही त्यातील भावना. परंतु ज्या राज्यात दानाचे रक्षण करावयास शिपाई व न्यायाधीश पुरेसे असतात, त्या राज्यात असा शाप दगडावर कोरण्याची पाळी येत नाही. जेथे राजदंड पोहोचत नव्हता, तेथे लोकलज्जेची आणि पापभीतीची मदत घ्यावी लागे. लेख आणि शाप हे त्या काळच्या कायद्याचे दोन हात होते.

हेमाद्रींच्या आयुष्यातील कसोटीचा प्रसंग महादेवाच्या मृत्यूनंतर आला. महादेवाने आपला पुत्र आमण याच्या हाती गादी जावी अशी योजना केली होती. पण थोरल्या भावाचा, कृष्णदेवाचा, मुलगा रामचंद्र हयात होता. १२७१ च्या सुमारास रामचंद्राने देवगिरीचा किल्ला कपटाने हस्तगत केला. नाचगाण्याच्या ताफ्याच्या वेषात त्याची माणसे किल्ल्यात शिरली, अशी हकीकत जुन्या मराठी वाङ्मयात आली आहे. आमण पदच्युत झाला. अशा उलथापालथीत जुन्या राजाच्या मंत्र्याची गत काय होते, हे इतिहास जाणणाऱ्यास सांगावयास नको. परंतु दुसऱ्याच वर्षीच्या ताम्रपटात हेमाद्री नव्या राजाचे मंत्री म्हणून आपल्या पदी दिसतात. यास कोणी संधिसाधूपणा म्हणेल. आमचे मत थोडे निराळे आहे. राजा बदलला तरी करण बंद ठेवता येत नाही. कोणाचे शेत कोठवर आहे, कोणत्या देवस्थानास काय दिले आहे, हे ज्यास ठाऊक आहे त्यास काढून टाकणे नव्या राजासही परवडत नाही. व्यक्तीचे राज्य जाऊन कार्यालयाचे राज्य येऊ लागले होते, त्याची ही खूण आहे.

जगाच्या इतर भागांतही त्याच सुमारास हेच घडत होते. इंग्लंडात १०८६ मध्ये साऱ्या जमिनींची मोठी नोंदवही तयार झाली होती. बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्री राजाने आपले न्यायाधीश परगण्यांतून फिरते ठेवले आणि १२१५ मध्ये तेथील सरदारांनी जॉन राजाकडून सनद लिहून घेतली. सिसिलीच्या दुसऱ्या फ्रेडरिकने १२३१ मध्ये आपल्या राज्यासाठी कायद्यांची संहिता जाहीर केली. स्पेनमधील कॅस्टील देशाचा राजा दहावा आल्फोन्सो तर हेमाद्रींचा समकालीनच. त्याने सात भागांचा प्रचंड कायदाग्रंथ सिद्ध करविला. आपल्याकडील भेद एवढाच, आणि तो मोठा आहे, की येथे राजा कायदा निर्माण करीत नसे. धर्मशास्त्र राजाच्याही वर मानले होते. देशाचा, ज्ञातीचा, श्रेणीचा आणि कुळाचा आचार ओळखून राजाने निवाडा करावा, अशी स्मृतिकारांची आज्ञा होती. म्हणून येथे राजसत्ता वाढली ती नवे कायदे करून नव्हे, तर असलेल्या शास्त्राचा संग्रह करून आणि त्याचा अर्थ लावून. कल्याणीस सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयास विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. वारसा व वाटणी यांविषयीची तिची तत्त्वे बंगालबाहेर बहुतेक भारतात १९५६ चा हिंदू वारसा कायदा होईपर्यंत न्यायालयांत चालत आली. कोकणचा शिलाहार राजा अपरार्क याने स्वतःच याज्ञवल्क्य स्मृतीवर टीका लिहिली. हेमाद्री याच परंपरेतले.

त्यांचा मुख्य ग्रंथ चतुर्वर्गचिंतामणि. त्याचे व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष असे खंड योजलेले आहेत. पुराणे, स्मृती आणि जुने निबंध यांतील वचने शोधून, जुळवून, विषयवार लावून त्यांनी हा महासागर उभा केला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने एकोणिसाव्या शतकात तो छापण्यास हाती घेतला, तेव्हा त्याचे जाडजूड भाग झाले. व्रतखंडाच्या आरंभी यादवांची जी राजप्रशस्ती आहे, तिच्या आधारेच डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी यादव घराण्याचा इतिहास प्रथम सुसंगतपणे मांडला. ज्या घराण्याची हेमाद्रींनी सेवा केली, त्याचे नाव सहाशे वर्षांनंतर त्यांच्याच लेखणीने पुन्हा उजेडात आणले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

वरवर पाहता हा ग्रंथ केवळ धार्मिक वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी राज्यकारभाराची दृष्टी आहे. दानखंडातील तुळापुरुषासारखी महादाने सामान्य माणसाने करावयाची नव्हेत. राजाने स्वतःस सोन्याने तोलून ते वाटावयाचे, यात वैभवाचे प्रदर्शन आणि संपत्तीचे वाटप दोन्ही होते. कालनिर्णय हा विषय तर त्याहून महत्त्वाचा. एकादशी कोणत्या दिवशी धरावी, श्राद्धाची तिथी कोणती, अधिक मासात काय करावे, याविषयी गावोगाव मतभेद असत. साऱ्या राज्यात एकच दिवस धरला जाणे ही लहान गोष्ट नव्हे. देणी-घेणी, यात्रा, बाजार हे सर्व तिथीवर चालत असल्यामुळे, ज्याच्या हाती काळाचा निर्णय त्याच्या हाती समाजाची दोरी. पुढे १६१२ मध्ये कमलाकर भट्टांनी निर्णयसिंधु लिहिला, अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी धर्मसिंधु लिहिला. या परंपरेत हेमाद्रींचे मत आदराने विचारात घेतले जात आले आहे. आजही श्रावणीच्या दिवशी देश-काळाचा जो विस्तृत उच्चार होतो, त्यास हेमाद्रिसंकल्प म्हणतात. आमच्या कित्येक घरांत हे नाव घेतले जाते, पण हे हेमाद्री आणि लोणारचे हेमाडपंत एकच, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

धर्मशास्त्राखेरीज वैद्यकातही त्यांची गती होती. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर त्यांनी आयुर्वेदरसायन नावाची टीका लिहिली. त्यांच्या आश्रयास असलेला बोपदेव हा मोठा वैयाकरण. केशव वैद्याचा हा पुत्र वरदा म्हणजे वर्धा नदीच्या काठचा, अर्थात आमच्या विदर्भाचा. त्याचे मुग्धबोध व्याकरण बंगालमध्ये शतकानुशतके शिकविले गेले. त्याच्या मुक्ताफल या भागवतावरील ग्रंथावर कैवल्यदीपिका ही टीका हेमाद्रींच्या नावावर आहे. मंत्र्याच्या वाड्यात हिशेबाच्या वह्यांबरोबर व्याकरण, भक्ती आणि औषधी यांची चर्चा चालत असावी, असे चित्र यावरून उभे राहते.

येथवर गौरव झाला. आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे चरित्र न होता भाटगिरी होईल. ज्या काळी हेमाद्री संस्कृतात व्रतांचा संग्रह करीत होते, त्याच काळी मराठी भाषा आपल्या पायांवर उभी राहत होती. चक्रधरस्वामी गावोगाव हिंडून लोकांच्या भाषेत उपदेश करीत होते. स्त्रिया आणि शूद्र यांना त्यांच्या मार्गात जागा होती. आमचे मेहकर आणि लोणार ही दोन्ही स्थाने महानुभावांच्या लीळाचरित्रात येतात आणि लोणारास कान्हरदेवाची व स्वामींची भेट झाली असे ती परंपरा सांगते. त्याच परंपरेत हेमाद्रींविषयी कटू भावना आहे; स्वामींच्या छळाचा दोष ती त्यांच्यावर ठेवते. तिकडे पंढरपुरास विठ्ठलाच्या देवळासाठी भक्तांनी दिलेल्या देणग्यांची यादी शके ११९५ पासून ११९९ पर्यंत, म्हणजे १२७३ ते १२७७ या काळात, दगडावर कोरली गेली. ती मराठीत आहे आणि तिच्यात सामान्य माणसांच्या देणग्यांबरोबर रामदेवरायाचेही नाव आहे. १२९० मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तिच्या शेवटी याच राजाचा न्यायी म्हणून उल्लेख येतो. म्हणजे राजाला लोकांची भाषा कळत होती. शास्त्र मात्र त्या भाषेत उतरले नाही. ज्यांच्यासाठी नियम, त्यांनाच तो वाचता येऊ नये, आणि ज्यांच्या श्रमावर राज्य उभे, त्यांतील बहुतेकांना त्या शास्त्रात खालचीच पायरी असावी, हा त्या व्यवस्थेचा मोठा दोष होता. तो झाकून ठेवणे आम्हांस शोभणार नाही.

पुढील कथा सर्वश्रुत आहे. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी अकस्मात देवगिरीवर चालून आला. युवराज शंकरदेव सैन्यासह बाहेर होता. किल्ल्यात धान्याची म्हणून आणलेली पोती मिठाची निघाली, अशी आख्यायिका सांगतात. खंडणी देऊन राज्य त्या वेळी वाचले; पण पुढे मलिक काफूरच्या स्वाऱ्या झाल्या, रामदेवराय १३११ च्या सुमारास निवर्तला, शंकरदेव मारला गेला आणि १३१८ पर्यंत हरपाळदेवाच्या अंताबरोबर यादवांचे राज्य संपले. या नाशाचे खापर काहींनी हेमाद्रींच्या व्रतखंडावर फोडले आहे. वर्षाच्या दिवसांहून अधिक व्रते सांगणाऱ्या मंत्र्याने प्रजा दुबळी केली, असा त्यांचा आक्षेप. आम्हांस हा निवाडा एकांगी वाटतो. उत्तरेच्या सीमेवर हेर नसणे, सैन्य एकीकडे आणि राजधानी दुसरीकडे असणे, शेजारच्या होयसळ आणि काकतीय राज्यांशी नित्य वैर असणे, ही कारणे व्रतांहून अधिक बळकट आहेत. तथापि आक्षेपात सत्याचा अंश आहे. करणाच्या वह्या कितीही नेटक्या असल्या तरी संकटसमयी धावून येतो तो वहीतला आकडा नव्हे, तर आपले राज्य असे मानणारा माणूस. त्या माणसाला आपले म्हणण्याचे काम देवगिरीच्या कारभाराने अपुरे ठेवले.

राज्य गेले, पण लेखनाची शिस्त गेली नाही. मोडी लिपी हेमाडपंतांनी लंकेहून आणली, अशी समजूत आहे. ती दंतकथाच होय. लिपी कोणी गलबतातून आणीत नाही, ती लिहिणाऱ्यांच्या हातून घडत जाते. सर्व जुनी देवळे त्यांनीच बांधली हीदेखील तशीच समजूत. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० मधले, म्हणजे हेमाद्रींच्या दोनशे वर्षे आधीचे, तरी लोक त्यास हेमाडपंतीच म्हणतात. पत्रे व हिशेब कसे लिहावे हे सांगणारे मेस्तकही त्यांच्या नावावर चालत आले. परंतु दंतकथांनाही अर्थ असतो. भिंत असो की लिपी, जे जे नीट रचलेले आणि टिकाऊ, ते ते हेमाडपंतांचे, असे महाराष्ट्राने ठरवून टाकले. याहून मोठी बिरुदावली कोणत्या मंत्र्यास मिळाली आहे?

नंतर सुलतान आले. आमच्या गावाच्या नावातच त्यांची आठवण आहे. अकबराच्या काळी मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार होते. करणाचे दप्तर झाले, शब्द फारसी झाले. पुढे सिंदखेडच्या जाधवांच्या, यादवांचा वारसा सांगणाऱ्या घराण्यात जन्मलेल्या जिजाऊंच्या पुत्राने राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश करवून कारभाराच्या शब्दांना पुन्हा आपल्या भाषेचे वळण दिले. मध्यंतरी साडेतीनशे वर्षे लोटली होती, पण लेखणीचा धागा तुटला नव्हता.

आता थोडे आमच्याविषयी. हेमाद्रींच्या काळी ज्ञातीची सभा ही एक न्यायसभा होती आणि राजाही तिचा आचार मानी. तो काळ गेला. १९५० पासून राज्यघटना हा सर्वांवरचा एकच धर्मग्रंथ आहे. मिताक्षरेने मुलीस जो जन्मसिद्ध वाटा दिला नव्हता, तो २००५ च्या दुरुस्तीने तिला मिळाला. २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला. कोणास वाळीत टाकण्याचा अधिकार आता कोणत्याही पंचमंडळीस नाही, आणि तो नसावा हेच योग्य. काही घरांतून अजून मुलीचा वाटा टाळण्यासाठी तिच्याकडून सही घेतली जाते आणि मनाविरुद्ध विवाह झाला की दारे मिटली जातात, हे आम्ही पाहतो आणि आम्हांस त्याची खंत वाटते. ज्ञातिमंडळास हेमाद्रींपासून घ्यावयाचे ते निवाड्याचे अधिकार नव्हेत. घ्यावयाची ती नोंदीची निष्ठा. मंडळाचा प्रत्येक पैसा वहीत असावा, वही मराठीत असावी आणि ती कोणाही सभासदास, मग तो पुरुष असो वा स्त्री, मागताक्षणी पाहावयास मिळावी.

आणखी एक विनंती. आमच्या पुष्कळ घरांत माळ्यावरच्या पेटीत मोडी कागदांची रुमाले पडून आहेत. वाचता येत नाहीत म्हणून ती वाळवीच्या स्वाधीन होतात. ती फेकू नयेत. वाळवून, झटकून, कोरड्या जागी ठेवावीत आणि मोडी जाणणाऱ्यास दाखवावीत. त्यांत एखाद्या शेताची सीमा असेल, एखाद्या विहिरीचा करार असेल, एखाद्या विधवेस दिलेल्या अन्नवस्त्राची कबुली असेल. देवगिरीचा किल्ला ढासळला, तरी तिच्या राजांची नावे एका ग्रंथाच्या पानांनी राखली. आमच्या पूर्वजांची नावे राखण्यास एवढ्या मोठ्या ग्रंथाची गरज नाही, एक कोरडी पेटी पुरे आहे. इतके घडले तर या लेखाचे श्रम सफल झाले असे आम्ही समजू.